इंजिनाची बैठक

विहिरीवरचे डिझेल इंजिन आपण सर्वांनी पाहिले आहे. ते नुसते जमिनीवर ठेवून कोणी चालवत नाही. आधी सिमेंटचा चौथरा बांधतात. चौथऱ्यात बोल्ट पुरतात. त्या बोल्टांवर इंजिन आवळतात आणि मगच ते चालू करतात. असे का? चालू झालेले इंजिन थरथरते, उसळते, जागेवरून सरकू पाहते. त्याला घट्ट बैठक लागते.

जीपगाडीतही इंजिन असते. पण गाडी पडली चालती. तिच्यात चौथरा कोठून आणायचा? तरी इंजिनाला बैठक तर हवीच. ती कशी असते, आणि जुन्या गाडीसाठी नवी कशी करतात, ते आपण या पाठात पाहू.

आडवा म्हणजे काय

जीपगाडीखाली वाकून पाहा. पुढून मागे गेलेले दोन लांब लोखंडी दांडे दिसतील. हा गाडीचा सांगाडा. त्याला चेसिस म्हणतात. या दोन दांड्यांना जोडणारे लोखंड मधे मधे आडवे टाकलेले असते. मिस्त्री त्याला क्रॉस मेंबर म्हणतो. आपण त्याला ‘आडवा’ म्हणू.

घराच्या दोन भिंतींवर आपण तुळई टाकतो. तुळई वरचा भार पेलते आणि दोन्ही भिंतींना धरून ठेवते. गाडीतला आडवाही हीच दोन कामे करतो. तो इंजिनाचा भार पेलतो आणि दोन दांड्यांमधले अंतर कायम ठेवतो.

जुन्या विलीज जीपमध्ये इंजिन पुढे दोन बाजूंना रबरी बैठकांवर टेकलेले असते. मागे गिअर बॉक्सखाली बोल्टने बसवलेला एक आडवा असतो. इंजिन आणि गिअर बॉक्स हे जोडलेले धूड अशा तीन-चार ठिकाणी टेकून बसते.

नवा आडवा कशाला लागतो

दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप जगभर गाजली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनी मुंबईत ती जोडू लागली. या गाड्या पेट्रोलवर चालत. १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव चढले. आपल्याकडे डिझेल स्वस्त होते. तेव्हा पुष्कळ लोकांनी जुन्या जीपमधले पेट्रोल इंजिन काढले आणि डिझेल इंजिन बसवले.

समजा, आपल्या धामणगाव बढे गावात कोणाच्या दारात अशी एक जुनी जीप उभी आहे. तिचे इंजिन गेले. मालकाला दुसरे इंजिन मिळाले. ते जुन्या जागेवर बसेल का? बहुधा नाही. दुसऱ्या इंजिनाचे पाय वेगळ्या ठिकाणी असतात. त्याची लांबी वेगळी, उंची वेगळी, वजनही वेगळे. ओढून ताणून बसवले तर ते वाकडे बसते. म्हणून त्याच्या मापाचा आडवा नवा करावा लागतो.

आडव्यावर भार किती

कापसाची एक गाठ १७० किलोची असते. चार सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन तेवढे किंवा त्याहून जड भरते. आपण हिशेबाला २०० किलो धरू. हा झाला उभ्या गाडीतला भार.

गाडी खड्ड्यात आदळली की तोच भार वाढतो. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन पायरीवरून उडी मारून पाहा, म्हणजे कळेल. घागर तीच, पण मानेला हिसका बसतो. म्हणून २०० किलोच्या इंजिनाला निदान तिप्पट, म्हणजे ६०० किलोचा भार धरून चालावे.

तिसरी गोष्ट पिळाची. हातातले ड्रिल मशीन लोखंडात अडकले की आपला हात उलटा पिळतो. इंजिनाचेही तसेच. ते चाके फिरवते तेव्हा स्वतः उलट्या बाजूला पिळवटते. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट लागतो. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढ चढते तेव्हा हा पीळ फार मोठा असतो. तोही बैठकीनेच सोसायचा असतो.

आणि बैठक तुटली तर? इंजिन खाली बसते. पंखा रेडिएटरवर घासतो. सुकाणूचा दांडा अडकू शकतो. घाटाच्या वळणावर सुकाणू अडकले तर गाडीतल्या माणसांचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

लोखंड कसे निवडावे

‘जाड पट्टी घेतली की झालं,’ असे पुष्कळ जण म्हणतात. एक प्रयोग करून पाहू. एक लाकडी पट्टी दोन विटांवर आडवी ठेवा. मधे बोटाने दाबा. ती वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. वाकत नाही. पट्टी तीच, लाकूड तेच. ठेवण्यात फरक आहे.

लोखंडाची पट्टी ५० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड आहे, असे समजा. ती निजवली त्यापेक्षा उभी केली तर ५ पट भार पेलते, आणि त्याच भाराखाली २५ पट कमी वाकते. घराची तुळई उभट असते, ती यासाठीच.

म्हणून आडव्याला सपाट पट्टी घेत नाहीत. चॅनेल किंवा चौकोनी पाइप घेतात. हलक्या जीपसाठी ५० मिलिमीटर चौरस पाइप, त्याची जाडी ३ ते ४ मिलिमीटर, असे प्रमाण धरता येते. इंजिनाचा पाय जेथे टेकतो तेथली पत्र्याची बैठक ६ मिलिमीटर जाड घ्यावी. दुकानात अजून सुताचे माप चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो सुमारे ३ मिलिमीटर होतो. तेव्हा ६ मिलिमीटर म्हणजे दोन सूत.

भंगारातले गंजलेले पाइप स्वस्त मिळतात. पण आतून गंज किती खोल गेला, ते वरून दिसत नाही. या कामाला ते घेऊ नयेत.

आधी माप, मग काम

गाडी सपाट जागी उभी करावी. चारी बाजूंनी लाकडी गुटके लावून ती पातळीत आणावी. मग चेन कुप्पीने इंजिन उचलून जागेवर टांगावे. टांगलेल्या इंजिनाखाली कोणी शिरू नये. आता पुढील गोष्टी पाहाव्या.

१. पंखा आणि रेडिएटर यांत निदान १ इंच जागा राहावी.

२. इंजिनाखाली तेलाचे चेंबर असते. खड्ड्यात पुढचा आख वर उसळतो. तो वरच्या रबराला टेकला तरी चेंबरला लागू नये. मधे दोन बोटे जागा उरावी.

३. सुकाणूचे दांडे दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. ते कोठेही अडू नयेत.

४. तेल सोडण्याचा बोल्ट झाकला जाऊ नये. नाही तर दर वेळी तेल बदलताना आडवा काढावा लागेल.

५. गिअर बॉक्समधून निघणारा दांडा आणि मागच्या आखाच्या डिफरन्शलचा दांडा एकमेकांना समांतर असावे. मधला लांब दांडा तिरका असला तरी चालतो. पण हे दोन समांतर नसतील तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर झिजतात. ही पारख ओळंबा आणि लेव्हलची नळी यांनी करता येते.

सर्व जमले म्हणजे इंजिनाच्या पायापासून चेसिसपर्यंतची मापे कागदावर लिहावी. नुसती डोक्यात ठेवू नयेत. मग पुठ्ठ्याचा नमुना कापावा. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी खडूने आखून घेतो. येथेही तसेच. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो. लोखंड चुकले तर पैसे गेले.

कापणे आणि जोडणे

नमुन्याप्रमाणे तुकडे कापावे. जोडाच्या जागचा गंज, रंग आणि तेल घासून काढावे. घाणीवर केलेले वेल्डिंग वरून चांगले दिसते, पण आत धरत नाही. जाड पत्र्याच्या कडा थोड्या तिरप्या घासाव्या, म्हणजे धातू खोलवर उतरतो.

आधी गाडीतच तुकडे जागेवर धरून थोडे थोडे टाके मारावे. त्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्या. इंधनाची टाकी आणि नळ्या यांच्याजवळ ठिणगी जाऊ देऊ नये. पाण्याची आणि वाळूची बादली हाताशी असावी. डोळ्यांवर काळी काच हवीच.

टाके मारलेला आडवा काढून घ्यावा. पूर्ण वेल्डिंग बाहेर टेबलावर करावे. १० नंबरची कांडी या जाडीला बरी. कांडी कोरडी असावी. एकाच बाजूने सलग वेल्डिंग करू नये. लोखंड तापले की फुगते, निवताना आक्रसते, आणि सगळे काम एका अंगाला ओढते. म्हणून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे करत जावे. वर पाणी ओतू नये. आपोआप निवू द्यावे. मग गाडीत पुन्हा बसवून माप पाहावे.

बोल्ट आणि रबर

आडवा चेसिसला कायमचा वेल्ड करू नये. बोल्टने बसवावा. पुढे गिअर बॉक्स उतरवायचा झाला तर तो सुटला पाहिजे. चेसिसच्या दांड्याला भोक पाडायचे तर उभ्या बाजूला पाडावे. वरच्या आणि खालच्या पट्टीवर पाडू नये. सर्वांत जास्त ताण तेथेच असतो.

आणखी एक खुबी आहे. चौकोनी पाइपातून बोल्ट घालून आवळला तर पाइप चेपतो. पाइप चेपला की बोल्ट ढिला पडतो. म्हणून पाइपाच्या आत जाड नळीचा तुकडा उभा घालून वेल्ड करावा. बोल्ट त्या नळीतून जातो, मग कितीही आवळा, पाइप चेपत नाही.

बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात. ८.८ असा आकडा असेल तर तो बोल्ट मजबूत पोलादाचा. असेच बोल्ट घ्यावे. आकडा नसलेला बोल्ट या जागी नको.

इंजिनाचा पाय आणि लोखंड यांच्यामधे रबर हवेच. रबर थरथर पिते. ते नसेल तर थरथरीने लोखंडाला चीर जाते. पण रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चेसिसपर्यंत एक जाड अर्थची तार जोडावी. ती विसरली तर स्टार्टर फिरत नाही, किंवा वीज ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढते आणि ती तार तापते.

गाडी १०० किलोमीटर चालली की सर्व बोल्ट पुन्हा तपासावे. वेल्डिंगवर केसासारखी बारीक चीर दिसली तर गाडी तेथेच थांबवावी.

कागद वाचा

लोखंडाचे काम झाले, पण गाडीचे काम पुरे झाले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ वे कलम आहे. कंपनीने गाडी जशी ठरवली आणि नोंदणीपुस्तकात जशी लिहिली, तिच्यात फरक पडेल असा बदल मालकाने आपल्या मनाने करू नये, असे ते सांगते. म्हणून इंजिन बदलण्याआधीच बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे आर.टी.ओ.मध्ये, जाऊन विचारावे. परवानगी मिळाली तर नवी नोंद करून घ्यावी. नोंद न करता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विम्याच्या पैशांनाही अडचण येते.

प्रत्येक इंजिनावर नंबर ठोकलेला असतो. जुने इंजिन विकत घेताना तो नंबर स्वतः वाचावा. पावतीवर तोच नंबर आहे का, ते एक एक अक्षर जुळवून पाहावे. नंबर घासलेला असेल तर इंजिन चोरीचे असू शकते. ‘साहेब, सही करा, सगळं बरोबर आहे,’ असे कोणी म्हटले तरी आधी वाचावे. पूर्वी आपण अंगठा देत होतो. आता आपल्याला वाचता येते.

देवराष्ट्र्याची गाडी

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली तेथेच झाला. याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या वस्तू जमवून जीपसारखी छोटी गाडी बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये आला. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होई. शिक्षण थोडे, पण हाताला लोखंडकामाची सवय.

२०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ही गाडी पाहिली आणि लोहार यांचे कौतुक केले. पण त्याचबरोबर त्यांनी सांगितले की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर अडवतील. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला ती मिळाली.

या हकिकतीत दोन गोष्टी आहेत. खेड्यातला कारागीर गाडी उभी करू शकतो, ही एक. रस्त्यावर गाडी आणायची तर तिची तपासणी आणि नोंद लागते, ही दुसरी. त्या रस्त्यावरून शाळेतली मुलेही चालतात. त्यांच्यासाठीच तो नियम आहे.

कठीण शब्द

चेसिस – गाडीचा लोखंडी सांगाडा
आडवा – चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारे लोखंड, क्रॉस मेंबर
आख – चाकांचा दांडा
चेन कुप्पी – जड वस्तू उचलण्याची साखळीची कप्पी
टाका – वेल्डिंगचा छोटा ठिपका

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. विहिरीवरच्या इंजिनाला चौथरा का बांधतात?
२. इंजिनाचे वजन २५० किलो असेल, तर तिपटीने किती भार धरावा?
३. पट्टी उभी ठेवली तर काय फरक पडतो? करून दाखवा.
४. चौकोनी पाइपात नळीचा तुकडा कशासाठी घालतात?
५. घरात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर असेल, तर त्याच्या नोंदणीपुस्तकातला इंजिन नंबर वाचा. तो इंजिनावरच्या नंबराशी जुळतो का, ते पाहून वहीत लिहा.