सड्यावरचा मुक्काम : हक्क आणि मर्यादा

‘मुक्काम’ हा शब्द मूळचा अरबी. मराठीत तो इतका रुळला, की पत्रावर पत्ता लिहिताना आपण ‘मु. पो. गारगोटी’ असे सहज लिहून जातो. वास्तविक मुक्काम म्हणजे वाटेवरचा थांबा. ज्याला पुढे जायचे आहे त्याचे थांबणे. वाटसरूच्या थांब्याचा हा शब्द कायमच्या पत्त्याला चिकटला, पण त्याचा मूळ अर्थ विसरून चालणार नाही. कारण उघड्या माळावर, पठारावर किंवा धरणाच्या काठी तंबू ठोकून, नाहीतर मोटारीतच अंथरूण घालून रात्र काढण्याची हौस आज आपल्याकडेही वाढत आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या ‘कॅराव्हॅन’ मोटारींना उत्तेजन देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र धोरणही आखले. ही हौस चांगली आहे. चार भिंतींबाहेरचे आकाश पाहण्याची इच्छा कोणाला होऊ नये? परंतु तिच्याबरोबर एक प्रश्न येतो. जेथे कोणाचे घर नाही, शेत नाही, अशा मोकळ्या जमिनीवर मुक्काम करण्याचा आपला हक्क किती, आणि तो कोणत्या अटीवर? भुदरगड तालुक्याच्या पश्चिमेस पसरलेल्या सड्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

मुक्कामाची जुनी रीत

उघड्यावरचा मुक्काम आपल्याला नवा नाही. मीठ व धान्य बैलांवर लादून घाटवाटांनी ये-जा करणारे लमाणांचे तांडे शतकानुशतके माळावरच उतरत. इंग्रजी अमलात हिवाळा लागला, की साहेबाची स्वारी डेरे-राहुट्यांसह गावोगाव फिरे. ‘कॅम्प’ हा शब्द खेड्यापर्यंत पोहोचला तो या दौऱ्यांमुळे. पण या रीतीचा सर्वांत जाणता वारस म्हणजे मेंढपाळ धनगर. दिवाळीनंतर देशावरचे कित्येक कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परत वर येतात. घोड्याच्या पाठीवर सारा संसार, रात्री मेंढरांभोवती वाघर, आणि उजाडले की पुढची वाट. शेतकरी त्यांना आपण होऊन बोलावतो; शेतात मेंढरे बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य देतो. कारण कळप उठून गेल्यावर मागे खत उरते.

या रीतीत एक शहाणपण आहे. चारा संपण्यापूर्वी तळ हलला पाहिजे हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही; तो जनावराच्या पोटाने आणि जमिनीच्या ताकदीने घालून दिला आहे. मुक्काम करणारा निघून जातो, म्हणूनच पुढच्या वर्षी त्याला पुन्हा जागा मिळते.

अमेरिकेतील वाळवंटाचा धडा

मोटारीत संसार मांडून उघड्यावर राहण्याची हौस जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर फोफावली ती अमेरिकेच्या पश्चिम भागात. तेथील केंद्र सरकारचे भूमी व्यवस्थापन खाते १९४६ साली स्थापन झाले. त्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहूनही अधिक. तीत वाळवंटाचा वाटा फार मोठा. थंडी सुरू झाली, की उत्तरेकडील हजारो निवृत्त कुटुंबे आपली चालती घरे घेऊन ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइटसारख्या ठिकाणी उतरतात. नळ नाही, वीज नाही. पाणी बरोबर आणायचे आणि सांडपाणी बरोबर न्यायचे.

वरवर पाहता हे पूर्ण स्वातंत्र्य वाटते, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यानंतर काही मैल दूर जावे लागते. ज्यांना अधिक काळ राहायचे आहे, त्यांच्यासाठी १९८३ पासून काही जागा वेगळ्या आखून दिल्या आहेत आणि तेथे शुल्क भरावे लागते. आपल्या धनगराने जे अनुभवातून जाणले, तेच तेथे नियम करून सांगावे लागले.

हे नियम का करावे लागले, हेही समजून घेण्याजोगे आहे. वाळवंटातील मातीवर नीलहरित शैवाल, दगडफूल व शेवाळ यांचे एक पातळ जिवंत कवच असते. तेच माती धरून ठेवते, वाऱ्याने उडू देत नाही. एका चाकाखाली ते क्षणात चुरते. पुन्हा बनण्यास मात्र कित्येक दशके लागतात. १९४२ साली जनरल पॅटन याने मोहावी वाळवंटात रणगाड्यांचे सराव घेतले. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा ८० वर्षांनंतरही तेथे स्पष्ट दिसतात. ज्या जमिनीवर पाऊस कमी, गवत विरळ, तिची जखम सहजासहजी भरून येत नाही.

आमचे वाळवंट : सडा

आता आपण घरी परत येऊ. आपल्याकडे वाळवंट नाही हे खरे. पण वर्षाचे आठ महिने वाळवंट आणि चार महिने पाणथळ, असे दुहेरी आयुष्य जगणारी भूमी आपल्या दाराशी आहे. तिचे नाव सडा. राधानगरी अभयारण्यातील सड्यांपासून आंबोलीपर्यंत आणि खाली कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीपर्यंत जांभ्या दगडाची ही सपाट पठारे पसरली आहेत.

जांभा तयार होतो तो काळ्या दगडापासूनच. उष्णता व मुसळधार पाऊस यांच्या योगाने लक्षावधी वर्षांत खडकातील सिलिका झिजून वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. या दगडाला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील दगड पाहून दिले. सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. एप्रिल-मे महिन्यांत कातळ अनवाणी पायाला चटके देतो. जूनमध्ये त्याच कातळावर घोट्याएवढे पाणी साचते. अशा ठिकाणी मोठे झाड उभे राहणे कठीण. म्हणून जमीन-महसुलाच्या भाषेत अशा कातळाला ‘पोटखराबा’ म्हणतात, व्यवहारात आपण ‘पडीक’ म्हणतो. देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघाले, त्यांतही ‘ओसाड खडकाळ जमीन’ असा एक वर्ग आहे.

पण ती खरोखरच ओसाड आहे काय? श्रावण-भाद्रपदात सड्यावर जाऊन पाहावे. गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, तेरडा, सोनकी यांनी कातळ झाकून जातो. सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पती कीटक धरून खातात, कारण त्या तुटपुंज्या मातीत त्यांना पुरेसे नत्र मिळत नाही. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर आठशेहून अधिक वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी राखलेले जे रान पुढे १९८५ मध्ये विस्तारले, तेच हे राधानगरी अभयारण्य. आज त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे.

सड्याचे उपकार एवढ्यावर संपत नाहीत. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू सोडतो. खालच्या वाड्यांची तहान त्यावर भागते. सडा गावाची तिजोरी नसेल, पण रांजण नक्कीच आहे.

चाक आणि चूल

अशा भूमीवर मोटार गेली तर काय होते? आंबोलीचे उदाहरण घ्या. २००९ साली तेथील एका छोट्या भेकाची नवी जात म्हणून शास्त्रीय नोंद झाली. पिवळ्या पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. वळवाचे पहिले पाऊस पडले, की ही जात कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालते. ती डबकी इतकी उथळ, की आपल्याला तो नुसता ओला दगड वाटावा. मोटारीचे एक चाक तेथून गेले तर एका पिढीचा निकाल लागतो. आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो.

चुलीचीही तीच गोष्ट आहे. तंबूचे दोर ताणण्यासाठी किंवा चुलीसाठी आपण सहज तीन दगड उचलतो. पण उघड्या सड्यावर सुटा दगड हेच कित्येक जिवांचे छप्पर असते. पाली, सापसुरळ्या, विंचू उन्हातून वाचतात ते त्याच्या आधाराने. किनारपट्टीच्या सड्यांवर तर असे दगड सोडून अन्यत्र फारशी न आढळणारी पालीची एक जातच आहे. दगड हलला की घर मोडले.

सड्यावर माणसाच्या इतिहासाच्याही खुणा आहेत. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आढळली आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी ही त्यांतील काही ठिकाणे. २०२२ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. योगायोग असा, की कॅलिफोर्नियात ब्लाइथ गावाजवळच्या वाळवंटातही जमीन खरवडून काढलेल्या प्रचंड मानवाकृती आहेत. हौशी मोटारींच्या चाकांनी त्या विद्रूप होऊ लागल्या, म्हणून शेवटी त्यांच्याभोवती कुंपण घालावे लागले. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

मग करावे काय?

यावर ‘कोणी सड्यावर जाऊच नये’ असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. ज्याने सडा पाहिलाच नाही, तो त्याच्यासाठी बोलणार तरी कसा? जमीन रिकामी आहे असे एकदा मानले, की बॉक्साइट खणणाऱ्यालाही मोकळे रान मिळते आणि मोटार नाचवणाऱ्यालाही. तेव्हा सडा पाहिलेली, त्यावर प्रेम करणारी माणसे वाढली पाहिजेत. फक्त मुक्काम जाणतेपणाने व्हावा.

पहिली गोष्ट, जमीन कोणाची याची चौकशी करावी. मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन सरकारी नसते. सड्याचा एखादा तुकडा वनखात्याचा, एखादा गावाचे गायरान, तर एखादा खाजगी मालकीचा असतो. अभयारण्यात शिरण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि राखीव जंगलात विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. दुसरी गोष्ट, मोटार डांबरी रस्ता संपतो तेथेच थांबावी. कॅराव्हॅनचे तळ व्हावेत, पण ते गावाजवळ, पाण्याची व मैल्याची सोय असलेल्या जागी. तेथून सड्यापर्यंत पायी जावे. तिसरी गोष्ट, दगड उचलू नये, चूल मांडू नये, नेलेला कचरा परत आणावा. पहिल्या पावसात आणि फुलांच्या दिवसांत सड्यावर तंबू मुळीच ठोकू नये.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खालच्या गावाला त्यात वाटा मिळावा. कासला गर्दी आवरेना, तेव्हा प्रवेशशुल्क आले, दिवसाच्या संख्येवर मर्यादा आली, आणि व्यवस्थेत परिसरातील गावांच्या समित्यांना स्थान मिळाले. आपल्याकडे पाटगाव परिसर मधासाठी नाव मिळवून आहे. मधमाशीला फुले हवीत, फुलांना रान हवे; तेव्हा रान राखणे आणि पोट भरणे यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. पाटगावला मुक्काम, गावात जेवण, गावचाच वाटाड्या आणि पायी रांगणा, असा प्रवास ज्याने केला, त्याने चार घरांना मिळकतही दिली आणि सड्याला त्रासही दिला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी सहली निघतात. त्या जरूर निघाव्यात. मात्र प्रत्येक सहलीने एक वही बरोबर न्यावी. कोठे पाणी साचले, कोणते फूल कोणत्या आठवड्यात उमलले, कोठे चाकांचे नवे माग दिसले, याची नोंद ठेवावी. अशी दहा वर्षांची वही ज्या महाविद्यालयापाशी असेल, त्याला ‘हा सडा पडीक आहे’ असे कोणी सांगू लागले, तर पुराव्यानिशी उत्तर देता येईल. भूगोल व मराठी या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना यात भरपूर काम आहे. कारण सड्यावरच्या फुलांची आणि पाणवठ्यांची गावोगावची नावे अजून वृद्धांच्या तोंडी आहेत, आणि ती नोंदण्यास फार वेळ उरलेला नाही.