पायाखालच्या वाटेवरची जिम

प्रश्न : अकरा वर्षं पुण्यातल्या वेगवेगळ्या जिममध्ये ट्रेनर म्हणून काम केलं. आता स्वतःची जिम काढायची आहे. तीन जागा पाहिल्या आहेत. कोथरूडमध्ये एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, धायरीत नव्या इमारतीतला प्रशस्त हॉल आणि बालेवाडीत मुख्य रस्त्यालगतचा गाळा. कोथरूडची जागा लहान आहे, धायरीत भाडं कमी आहे आणि बालेवाडीत गिऱ्हाईक पैसेवालं आहे. मित्र म्हणतात, पैसा आहे तिकडे जा. जिमसाठी चांगला भाग ओळखायचा कसा?
*– एक वाचक, पुणे*

उत्तर : तुमच्या पत्रात भाडं आहे, जागेचा आकार आहे, गिऱ्हाइकाची ऐपतही आहे. एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या भागातली माणसं सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला कुठून कुठे जातात? जिमचं नशीब ठरतं ते तिथेच, असा माझा अनुभव आहे. कपडे घ्यायला माणूस वर्षातून चार वेळा बाहेर पडतो. त्यासाठी तो लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा शोधत अर्धा तास फिरेल. जिमला त्याला आठवड्यातून पाच-सहा दिवस यायचं असतं, तेही झोपमोड करून किंवा ऑफिसमधून दमून आल्यावर. घरापासून दहा मिनिटांपेक्षा जास्त लागायला लागली की आधी कंटाळा येतो, मग खाडे होतात आणि फी भरायची वेळ आली की तो तुमचा फोन उचलत नाही.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. पुण्यात पेठेपेठेत तालमी होत्या. मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या मंडळाचं नाव आजही गुरुजी तालीम आहे. कोल्हापुरात तर तालीम हीच त्या भागाची ओळख. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम या नावांनी आजही तिथे फुटबॉलचे संघ मैदानात उतरतात. पोरगं घरातून निघायचं ते चालत तालमीत पोचायचं. वस्ताद त्यालाही ओळखायचा आणि त्याच्या बापालाही. पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर घरी निरोप जायचा. तालीम हाकेच्या अंतरावर होती म्हणून ही ओळख टिकली आणि ओळख टिकली म्हणून व्यायामात खंड पडला नाही. तुमची जिम मशीनची असली तरी तिला हीच जवळीक लागणार आहे.

आता तुमच्या तीन जागा त्या नजरेनं पाहू.

बालेवाडीत पैसा आहे, हे खरं. पण तिथल्या बहुतेक मोठ्या संकुलांत क्लब हाउस असतं आणि त्यात जिम असते. तिचा खर्च मेंटेनन्समधून आधीच गेलेला असतो. म्हणजे तुमची स्पर्धा लिफ्टने खाली उतरण्याशी आहे. अशा जिममध्ये सहसा शिकवणारं कुणी नसतं, ही तुमची संधी. पण मग तिथे मोठा हॉल आणि मशीनच्या रांगा नकोत. छोटी जागा, मोजके मेंबर आणि पर्सनल ट्रेनिंग असं गणित बसवावं लागेल. रस्त्यालगतच्या गाळ्याचं भाडं त्यात बसतं का, ते कागदावर मांडून पाहा.

धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, शेजारचं नऱ्हे २०२१ मध्ये. वस्ती दाट आहे, तरुण आहे आणि क्लब हाउस नसलेल्या इमारती भरपूर आहेत. तिथे तीन गोष्टी तपासा. पहिली, तुमच्या हिशेबातले मेंबर रहिवासी आहेत की विद्यार्थी? वडगाव-नऱ्ह्याच्या कॉलेजांतली मुलं उत्साहानं येतात, पण परीक्षेत गळतात आणि मे महिन्यात गावी जातात. भाडं मात्र बाराही महिने द्यावं लागतं. दुसरी, इमारतीचे कागद. गावठाणालगत वाढलेल्या भागात मंजुरीविना चढवलेले मजले सापडतात. तिसरी, रस्ता. सिंहगड रस्त्यावर आता उड्डाणपूल आहे. पुलावरून घरी जाणाऱ्या माणसाला खालची पाटी दिसत नाही. तो कुठे खाली उतरतो आणि त्यापुढे तुमची जागा त्याच्या डाव्या हाताला येते की यू-टर्न मारावा लागतो, हे स्वतः दुचाकीवर बसून पाहा.

कोथरूडची गंमत वेगळी आहे. तिथे एकाच गल्लीत निवृत्त जोडपी, नोकरदार, गृहिणी आणि खोली करून राहणारी मुलं असतात. त्यामुळे सहा ते नऊच्या गर्दीनंतरही हॉल रिकामा पडत नाही. दहाला ज्येष्ठ येतात, अकराला बायका, चारला कॉलेजची मुलं. पण पुनर्विकासाची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमची इमारत जुनी आहे. सोसायटीच्या सभेत बिल्डरचा विषय निघाला असेल तर तुम्ही घातलेले मॅट, आरसे आणि वायरिंग दोन वर्षांत मातीत जाईल. आजूबाजूच्या दोन सोसायट्या पाडायला निघाल्या, तरी तुमच्या पायाखालच्या वाटेवरची घरंच्या घरं काही वर्षांसाठी दुसरीकडे राहायला जातील.

पैशांचा हिशेबही भागाच्या निवडीशी बांधलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण तुम्ही भरलेल्या कराची वजावट त्याबरोबर गेली. समजा, भाडं महिना १,२०,००० आणि फी करासकट १,५००. वरवर पाहता ८० मेंबरांत भाडं निघतं. नोंदणी झाल्यावर भाड्यावर १८ टक्के धरले की १,४१,६०० होतात आणि १,५०० मधला कर वजा जाता हातात १,४२९ उरतात. मग भाड्यालाच जवळपास १०० मेंबर लागतात. भाडं एकूण उत्पन्नाच्या पाव हिश्शापेक्षा वर जाऊ नये, असं मी मानतो. म्हणजे नियमित फी भरणारे ४०० जण हवेत. आता नकाशावर दहा मिनिटांचं वर्तुळ काढा आणि विचारा, हे ४०० जण या वर्तुळात राहतात का? भाग महाग की स्वस्त, याचं उत्तर या प्रश्नातून मिळतं.

शेवटची गोष्ट माझ्या चुकीतून शिकलेली. पहिली जिम काढली तेव्हा जागा रविवारी दुपारी पाहिली होती. रस्ता मोकळा, पार्किंगला ऐसपैस जागा. त्याच दिवशी होकार दिला. सोमवारी कळलं, समोरच्या गल्लीत शाळा आहे. पावणेसात ते साडेसात शाळेच्या व्हॅन, रिक्षा आणि आईवडिलांच्या स्कूटर अशा दाटायच्या की सातच्या बॅचचा माणूस गेटपर्यंत पोचत नसे. सहा महिन्यांत ती बॅच मोडली. तेव्हापासून मी जागा पाहायला दुपारी जात नाही. सोमवार, बुधवार आणि शनिवार, सकाळी पावणेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ, समोरच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसा. चालायला निघालेले किती, दुचाकीवाले किती, पाठीला सॅक लावलेले किती, बाया किती, हे मोजा. दूधवाल्याशी बोला. कुठली इमारत भाडेकरूंची, कुठली घरं बंद, कोण पहाटे उठतं, हे त्याला पाठ असतं.

तुमच्या पत्रावरून माझा कौल कोथरूडला आहे. अट एकच, पुनर्विकासाचा विषय जवळपास नसावा. तो असेल तर धायरी पाहा, पण रहिवाशांची संख्या मोजून.

प्रश्न : आमच्या चौकात आधीच तीन जिम आहेत. चौथी चालेल का? की जिथे एकही नाही तिथे जावं?

उत्तर : तीन जिम चालत असतील तर त्या भागाला व्यायामाची सवय लागली आहे, आणि ती लावण्याचा खर्च दुसऱ्यांनी केला आहे. जिथे एकही जिम नाही तिथे आधी चौकशी करा की पूर्वी होती का आणि बंद का पडली. चौकातल्या तिन्ही जिममध्ये एक-एक दिवसाची फी भरून जा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा सगळीकडे गर्दी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असताना संध्याकाळी सातला जा. बेंचसाठी थांबावं लागलं, तर चौथीला जागा आहे. मशीन रिकाम्या दिसल्या, तर ते तिघं आपसांत तेच मेंबर वाटून घेत आहेत. पंखे, हवा, चेंजिंग रूम, नवख्याला शिकवणारं माणूस, यांतलं काय कमी आहे ते टिपून ठेवा. तुमची जिम तीच कमतरता भरून काढण्यासाठी काढा. फी कमी करून चौथी जिम टिकत नाही.

प्रश्न : मला फक्त महिलांसाठी जिम काढायची आहे. भाग निवडताना वेगळं काय पाहू?

उत्तर : जिन्यापासून सुरुवात करा. जिना रस्त्यावरून उघडतो की मागच्या बोळातून? रात्री आठला तिथे दिवा असतो का? खाली परमिट रूम, पानटपरी किंवा टोळकं बसण्याची जागा आहे का? संध्याकाळच्या बॅचची बाई रात्री साडेआठला एकटी उतरणार आहे. तिला पहिल्या आठवड्यात एकदा जरी भीती वाटली तरी ती पुन्हा येत नाही आणि का येत नाही ते सांगतही नाही. स्वतः त्या वेळी, एकटीनं, तो जिना चढून-उतरून पाहा.

मग वेळा पाहा. घरच्या बायका डबे झाल्यावर साधारण दहाला मोकळ्या होतात आणि मुलं शाळेतून यायच्या आत परततात. म्हणून शाळा आणि भाजीबाजार यांच्या मधली जागा उत्तम. मुलाला सोडलं, व्यायाम केला, भाजी घेतली आणि घरी, अशी एकच फेरी व्हावी. कर्वेनगरसारख्या भागात मुलींची कॉलेजं आणि वसतिगृहं आहेत. तिथे संध्याकाळही भरते. फक्त वसतिगृहाच्या गेटची वेळ विचारून बॅच लावा.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावचा. इथे आयटीवाले नाहीत, टॉवर नाहीत. जिम काढायची तर कुठे?

उत्तर : तुमच्याकडे पहाटे पाचला उठून पळणारी पोरं-पोरी आहेत. त्यांच्याइतकं जिद्दीचं गिऱ्हाईक शहरात मिळत नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं, मुलींना ८०० आणि १०० मीटर, शिवाय दोघांनाही गोळाफेक असते. ही मुलं पहाटे मैदानावर असतात आणि दिवसभर अभ्यासिकेत. मैदान आणि अभ्यासिका यांना जोडणारी वाट शोधा आणि त्या वाटेवर जागा घ्या. भपका नको. बार, प्लेट, पुलअपचा रॉड, मेडिसिन बॉल आणि धावण्याचं तंत्र शिकवणारा माणूस पुरे. फी महिन्याची ठेवा. एसटीने येणाऱ्या मुलांसाठी स्टँडपासून चालत पोचता यावं. भरती संपली की मेंबर कमी होतील, म्हणून दुसरी बॅच गावातल्या दुकानदार-शिक्षकांची उभी करा.

प्रश्न : जागा पसंत पडली आहे. मालक म्हणतो, दोन दिवसांत टोकन द्या, नाहीतर दुसरा तयार आहे. काय करू?

उत्तर : दोन दिवस पुरतात, कामं नेमकी माहीत असली तर. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा आणि तो मजला व्यापारी वापराचा आहे का ते वाचा. तळघर स्वस्तात मिळत असेल तर नकाशात ते पार्किंग म्हणून तर दाखवलेलं नाही ना, ते पाहा. सोसायटी असेल तर ना हरकत लेखी घ्या, सेक्रेटरीच्या तोंडी होकारावर जाऊ नका. थ्री-फेज जोडणी आहे का आणि भार वाढवून मिळेल का, विचारा. आग प्रतिबंधक यंत्रणा आहे का, आणि जानेवारी आणि जुलैत द्यावं लागणारं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दिलं जातं का, तेही पाहा.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा नेऊन आणा. रहिवासी इमारतीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. अडीच ते तीस किलो, अडीच-अडीचच्या फरकानं डंबेलची एकेक जोडी घेतली तर ३९० किलो होतात, आणि ती उभी राहतात जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या रॅकवर. कुठली वस्तू तुळईवर ठेवायची आणि कुठली भिंतीलगत, हे इंजिनिअरच सांगेल.

आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं ते पाहा. ध्वनी नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, आणि सकाळी सहापर्यंतचा वेळ रात्रच धरला जातो. एकाला वर वीस किलोची प्लेट हातातून टाकायला सांगा आणि तुम्ही खाली त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसा. टेबलावरचा पेला हलला, तर पहाटेची बॅच तिथे चालणार नाही, जाड रबर मॅटचा खर्च धरूनही. त्या घरातल्या माणसांशी तुमची पुढची पाच वर्षं रोज जिन्यात गाठ पडणार आहे. पहिली गाठ तक्रारीनं न पडता तुम्ही स्वतः विचारायला गेल्यानं पडू द्या. त्यांनी चहा विचारला, तर बसा. टोकनचा निर्णय त्यानंतर घ्या.