एकांतवास आणि जखमी अंतःकरणाचे आरोग्य

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८; मार्क ६:३०-३४; याकोब ५:१६.

जुवामुळे बैलाचा खांदा सोलला म्हणजे शहाणा शेतकरी त्यास चाबूक मारीत नाही. तो त्यास जुवातून सोडतो, जखम धुतो, औषध लावितो आणि काही दिवस गोठ्यात उभा करितो. बैलास आपण इतके समजून घेतो, परंतु आपल्या मंडळीतील एखाद्या भावाचे अंतःकरण दुःखाने, लज्जेने अथवा व्यसनाने सोलून निघाले असता आपण त्यास म्हणतो, "विश्वास वाढवा, प्रार्थना करा, रविवार चुकवू नका." हा उपदेश खोटा नव्हे, पण जखम न पाहता दिलेला उपदेश चाबकासारखा लागतो. ह्यास्तव ह्या पाठात आपण एकांतवासाचा, म्हणजे नित्याच्या जागेतून थोडे दिवस बाजूला होऊन देवासमोर व बंधुजनांसमोर मन उघडे करण्याच्या रीतीचा विचार करू.

१. एलीयाचा एकांतवास

कर्मेल डोंगरावर ज्याने साऱ्या राष्ट्रासमोर देवाचे सामर्थ्य दाखविले, तोच एलीया दुसऱ्या अध्यायात ईजबेलीच्या धमकीने पळत सुटतो, चाकरास बैरशेबा येथे ठेवितो आणि रानात एका झाडाखाली बसून मरण मागतो. देवाचा थोर सेवकही असा खचतो. तेव्हा ज्याचे मन खचले तो अविश्वासू, असे कोणी म्हणू नये.

आता देवाने त्याच्याशी कसे वर्तन केले ते क्रमाने पाहा. प्रथम झोप व भाकर दिली, आणि तीही दोनदा. दूताने एक शब्दही दोषाचा काढिला नाही. नंतर दूरच्या होरेब डोंगरापर्यंत त्यास चालू दिले. तेथे त्यास प्रश्न विचारिला आणि त्याचे सारे गाऱ्हाणे ऐकून घेतले. तेच गाऱ्हाणे त्याने दुसऱ्यांदा सांगितले, तरी त्यास मध्येच थांबविले नाही. वारा, भूकंप व अग्नी ह्यांत नव्हे, तर त्यानंतरच्या शांत व मंद वाणीत देव त्याशी बोलला. शेवटी त्यास परत कामावर पाठविले. पण एकट्यास नव्हे. अलीशा हा सोबती दिला आणि तुजसारखे आणखी सात हजार आहेत हे कळविले. विश्रांती, मन मोकळे करणे, देवाची वाणी, सोबती आणि पुन्हा काम, हा क्रम ध्यानात ठेवावा.

२. सातताल येथील रीत

ई. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथोडिस्ट मिशनरी १९०७ साली आपल्या देशात आले. पहिल्या काही वर्षांच्या अतिश्रमाने त्यांचे शरीर व मन दोन्ही खचली. स्वदेशी विश्रांती घेऊन परत आल्यावरही तोच प्रकार झाला. अखेर लखनौ येथे प्रार्थनेत त्यांनी आपली असमर्थता प्रभूच्या हवाली केली आणि त्यांस नवे बळ मिळाले. ही हकीकत त्यांनी लपविली नाही. आपल्या ग्रंथात लिहून ठेविली.

पुढे १९३० साली कुमाऊंच्या डोंगरात नैनितालजवळ सातताल येथे त्यांनी ख्रिस्ती आश्रम स्थापिला. तेथे पदव्या बाजूला ठेवून सर्वांस भाऊ व बहीण म्हणत. सर्वजण हातांनी काम करीत, आणि आठवड्यातून एक दिवस भंग्यास सुट्टी देऊन त्याचे काम आश्रमवासी स्वतः करीत. आरंभीच्या एका सकाळी प्रत्येकास तीन गोष्टी विचारीत : तुम्ही येथे का आलात? तुम्हांस काय हवे आहे? आणि तुमची खरी गरज कोणती? दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नात पुष्कळ अंतर आहे, हे ज्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले त्यास कळते. हवी असते पगारवाढ. गरज असते मेलेल्या लेकरासाठी एकदा रडण्याची.

ह्याच जोन्स साहेबांनी १९५० साली लखनौ येथे नूर मंझिल नावाचे मानसोपचार केंद्रही काढिले. ज्याने प्रार्थनेचा आश्रम काढिला त्यानेच मनाच्या रोग्यांसाठी वैद्यांचे केंद्र काढिले. तेव्हा प्रार्थना आणि औषध ही एकमेकांची वैरी नव्हेत.

३. दोन मद्यपी

अमेरिकेतील आकरन शहरी १९३५ साली न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल कामानिमित्त आला. काही महिन्यांपूर्वी त्याची दारू सुटली होती. काम फसले, आणि हॉटेलात एकटा असता दारूचा मोह पुन्हा झाला. तेव्हा त्यास सुचले की, आपण वाचावयाचे तर दुसऱ्या मद्यप्याशी बोलले पाहिजे. त्याची गाठ एका शल्यवैद्याशी पडली. तोही दारूने बुडालेला होता. त्या दोघांच्या संगतीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संस्था निघाली. तिची बारा पावले १९३९ साली पुस्तकरूपाने छापिली गेली. त्यांत आपली दुर्बलता कबूल करणे, आपल्या दोषांची यादी करणे, ते देवास, स्वतःस आणि दुसऱ्या एका मनुष्यास सांगणे, आणि ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, ही येतात. याकोबाच्या पत्रातील वर दिलेल्या वचनाचा अर्थ ह्याहून फार वेगळा नाही. आज ह्या संस्थेच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. त्यांत शिरण्यास फी नाही आणि नाव विचारीत नाहीत.

४. आमची एक चूक

हे सर्व लिहिताना आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात एका उपदेशक भावाने रात्री आम्हांजवळ आपले गुप्त मद्यपान रडत रडत सांगितले. आम्ही त्याबरोबर प्रार्थना केली. पुढच्याच महिन्यात, अनुतापाचे उदाहरण म्हणून, नाव न घेता, आम्ही ती गोष्ट उपदेशात सांगितली. आम्हांस वाटले, नाव नाही म्हणजे दोष नाही. परंतु गाव लहान. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याच्या बायकोस बायांनी विचारिले. तो भाऊ उपासनेस येईनासा झाला. आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने ती केली, पण पुन्हा कधी आम्हांपुढे मन उघडे केले नाही. जे देवासमोर सांगितले ते आम्ही व्यासपीठावर खर्चून टाकिले. म्हणून आमच्या बंधूंस विनंती, ऐकलेले पोटात ठेवावे. आपल्या पत्नीसही सांगू नये, आणि प्रार्थनेचा विषय म्हणूनही सांगू नये.

५. गावच्या मंडळीत हे कसे करावे?

मोठा खर्च नको. सुगी आटोपल्यावर दोन रात्रींचा एकांतवास शेजारच्या मंडळीच्या मंदिरात होऊ शकतो. मजुरी बुडते म्हणून ज्यांस येणे अशक्य, त्यांच्यासाठी तीन संध्याकाळी ठेवाव्या. आठदहा जणांहून अधिक नसावे. स्वयंपाक पुरुषांनी करावा; कारण ज्या शिबिरात बहिणी चुलीपुढेच बसतात, ते त्यांचे शिबिर नव्हे. बहिणींची बैठक निराळी, एखाद्या वडील व विश्वासू बाईच्या देखरेखीखाली असावी.

पहिल्या रात्री भाषण नको; जेवण व झोप पुरे. सकाळी मौन, मग एलीयाचा पाठ, मग वरील तीन प्रश्न. बोलणाऱ्याचे ऐकावे, उपदेश करू नये. ज्यास गप्प राहावयाचे त्यास गप्प राहू द्यावे, बळाने कबुली घेऊ नये. दुपारी सर्वांनी मिळून मंदिराचे आवार झाडावे. निघताना प्रत्येकाने एक सोबती निवडावा व आठवड्यातून एकदा त्यास भेटावे. नाही तर शिबिराचा उत्साह एस. टी. गावात पोहोचेपर्यंत संपतो.

६. मर्यादा

पुष्कळ वर्षे रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडिली तर कंप, भ्रम व झटके येऊन जीवही जाऊ शकतो. त्यास आधी डॉक्टरास दाखवावे. जो मरणाची भाषा बोलतो त्यास एकटे सोडू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर विचारता येते. जी बहीण घरी मार खाते तिला "क्षमा कर" म्हणून परत पाठवू नये. प्रथम तिचा जीव सुरक्षित करावा. आणि लेकरावर अत्याचार झाल्याचे कळले तर तेथे गुप्ततेचा नियम नाही. ते पोलिसांस कळविणे हे कायद्याने २०१२ पासून प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभूने थकलेल्या शिष्यांस विसाव्यास बाजूला बोलाविले. पण लोकसमुदाय तेथेही येऊन पोहोचला, आणि प्रभूस त्यांचा कळवळा आला. एकांतवास हा कामापासून पळ नव्हे. खांदा बरा झाला म्हणजे बैल पुन्हा जुवाखाली जातो; आणि आपणांस ज्याचे जू घ्यावयाचे आहे, त्याचे जू सोयीचे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. देवाने एलीयास प्रथम भाकर का दिली, उपदेश का नाही?
२. मला काय हवे आहे, आणि माझी खरी गरज कोणती?
३. माझ्यापाशी सांगितलेली गोष्ट माझ्यापाशीच राहते काय?
४. आपल्या मंडळीत कोण गेल्या काही रविवारी दिसले नाही? त्याच्याकडे कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : जे उपदेशक व पाळक इतरांचे अश्रू पुसतात, पण ज्यांचे पुसणारा कोणी नाही, त्यांच्याकरिता.