ताट, विचार आणि अंगातलं रक्त



वर्षावास लागला की विहारात ग्रंथवाचन सुरू होते. काही घरांत तीन महिने मांसमच्छी बंद होते. एखादी उपासिका ती पुढे कायमची सोडते. मग नळावर कुजबुज चालते, "ही बामणाळली की काय?" दुसरी म्हणते, "त्यांच्यात गेली वाटतं." त्याच बाईने कामाच्या ठिकाणी डबा उघडला की तिथली बाई म्हणते, "तुमच्यात तर रोजच मटण असतं ना?"

एक टोमणा आपल्या माणसांचा, दुसरा बाहेरच्यांचा. पण दोन्हींत ताट बघून माणसाची जात, पक्ष आणि विचार ठरवून टाकलेले असतात. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे, की या सवयीपायी आपल्या बायकांचे दुखणे अंगावर निघते. ते कसे, हे या पाठात समजून घेऊ.

केसपेपरवर न येणारी गोष्ट

दवाखान्यात बाई थकव्याची तक्रार घेऊन येते तेव्हा ती काय खाते हे कळणे औषधाइतकेच गरजेचे असते. आम्ही वॉर्डात काम केले आणि आता वस्त्यांत फिरतो. दोन्हीकडे आम्हाला दिसते, की हा प्रश्न एक तर विचारला जात नाही, नाही तर त्याचे खरे उत्तर मिळत नाही.

पत्ता आणि आडनाव बघून समोरचा गृहीत धरतो, की ही मांसाहारीच असणार. त्यामुळे हातापायांना मुंग्या येणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, "ताई, अंडी-मांस कधीपासून बंद आहे?" मांस सोडलेली आपली बहीण वस्तीतल्या टोमण्यांना भिऊन आशाताईसमोरही बोलत नाही. आणि जी खाते, ती परक्या माणसांपुढे लाजून "नाही हो, आम्ही साधंच खातो" म्हणते. तिला शाकाहारी समजून सल्ला दिला जातो. तिघींच्याही केसपेपरवर चुकीची माहिती जाते आणि उपचार अंदाजाने होतात.

चौथा गैरसमज आपल्या घरातलाच आहे. "आमच्यात मटण-मच्छी चालते, मग रक्त कमी कसं असेल?" आता आकडे बघा. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांपैकी देशात सुमारे ७१ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६० टक्के लोक मांसाहार करणारे निघाले. म्हणजे मांस खाणारे कुणी मूठभर "तसले लोक" नाहीत, या देशातले बहुसंख्य तेच आहेत. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. नुसते "चालते" म्हटल्याने रक्त भरत नाही. रविवारी अर्धा किलो आणायचे, पिसे पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जायची, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा यायचा. अशा घरातली बाई नावाला मांसाहारी असते.

न खाणे वेगळे, तुच्छ मानणे वेगळे

आपल्या लोकांना शाकाहाराच्या उपदेशाचा संशय येतो, तो उगाच येत नाही. कोण काय खातो यावरून या देशात माणसांची उतरंड लावली गेली. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयी ग्रंथ लिहिला, त्यात गोमांस खाण्याचा आणि अस्पृश्यतेचा संबंध सविस्तर मांडला आहे. आजही घर भाड्याने देताना "नॉनव्हेज चालणार नाही" म्हणतात, आणि त्याआड जात विचारली जाते हे आपल्याला कळते.

कायदाही ताटापर्यंत येतो. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाला परवडणारे मोठ्याचे मांस त्यामुळे आणखी दुर्मिळ झाले. शाळेच्या पोषण आहारातही तेच घडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे, असा निर्णय झाला. त्याला विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा सरकारी निधी थांबला. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. भांडण मोठ्यांचे होते, पोषण गेले ते पोरांचे.

पण आपणही काही खाणे सोडले आहे, हे विसरू नका. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. लोकांनी ते सोडले ते स्वाभिमानासाठी. कुणाच्या सोवळ्यात शिरण्यासाठी नव्हे. म्हणून एखाद्या बहिणीने मांस सोडले तर आधी कारण विचारावे. तिला प्राण्याची दया वाटत असेल, पित्ताचा त्रास असेल, महागाईने परवडत नसेल किंवा वास सहन होत नसेल. ती मांस खाणाऱ्याला हलके लेखत नसेल, तर तिच्या न खाण्याने कुणाचेच बिघडत नाही.

धम्मात काय आहे

बुद्धांनी मांसाहाराचा सरसकट निषेध केला नाही आणि आग्रहही धरला नाही. जीवक सुत्तात भिक्खूंसाठी कसोटी आहे, तिला त्रिकोटी परिशुद्धी म्हणतात. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस भिक्खूने घेऊ नये. देवदत्ताने भिक्खूंना मासे-मांस कायमचे वर्ज्य करा अशी मागणी केली, तेव्हा बुद्धांनी ती सक्ती नाकारली. आमगंध सुत्तात सांगितले आहे, की दुर्गंध मांस खाण्याचा नसतो, तो हिंसेचा, चोरीचा, खोटेपणाचा असतो.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पण मांस सोडण्याची प्रतिज्ञा नाही. तेव्हा मांस खाणारी बाई कमी बौद्ध ठरत नाही आणि न खाणारी जास्त ठरत नाही. बाटलीबद्दल मात्र धम्माचे म्हणणे स्पष्ट आहे. शेजारणीच्या ताटाची चर्चा करण्याआधी ती आपल्या घरात येते का, हे बघावे.

ताटावरून विचार कळतो का?

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते, आणि कबीरपंथात मांस आणि मद्य दोन्ही वर्ज्य मानतात. बाराव्या शतकात बसवण्णांनी जातिभेदाविरुद्ध बंड केले, त्यांना मानणारे लिंगायत शाकाहारी आहेत. छत्तीसगडात गुरू घासीदासांच्या सतनामी चळवळीने मांस आणि दारू सोडायला सांगितली, आणि ती अस्पृश्य मानलेल्यांचीच चळवळ होती. उलट बंगालचे ब्राह्मण मासे खातात, काश्मिरी पंडित मटण खातात, गोव्या-कोकणातल्या सारस्वतांच्या घरी माशांशिवाय जेवण होत नाही.

बौद्ध जगातही हेच आहे. थायलंड, म्यानमार, श्रीलंकेतले भिक्खू दानात आलेले मासे-मांस घेतात. चीन आणि व्हिएतनाममधले भिक्खू शाकाहारी असतात. कोण समतेच्या बाजूचा हे त्याच्या वागण्यावरून कळते, कालवणावरून कळत नाही.

शरीराचा हिशेब

शरीराला पक्ष नसतो. त्याला लोह, प्रथिने आणि जीवनसत्त्व बी-१२ हवे असते, मग ते कुठूनही मिळो. मांस न खाणाऱ्या घरात या तिन्हींची सोय ठरवून करावी लागते.

लोह : पालेभाजी, हरभरा, मटकी, हुलगे, अळीव यांत लोह असते, पण मांसातल्या लोहाइतके ते अंगी लागत नाही. त्यावर उपाय स्वस्त आहेत. जेवताना लिंबू पिळा, आवळा किंवा पेरू खा. कडधान्ये भिजवून, मोड आणून घ्या. भाजी लोखंडी कढईत करा. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा पिऊ नका, चहामुळे लोह वाया जाते.

प्रथिने : दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात. ५० किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. दिवसभरात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (सुमारे १५ ग्रॅम), साठ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य (१३-१४ ग्रॅम), मूठभर शेंगदाणे (७ ग्रॅम) आणि कपभर दूध किंवा दही (५ ग्रॅम) एवढ्यात हिशेब जवळपास पुरा होतो. डाळ मात्र घट्ट हवी. पातळ वरणाच्या पाण्यात प्रथिने फार कमी असतात. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीतली उणीव दुसरी भरून काढते.

बी-१२ : हे भाजी, डाळ, धान्य कशातच मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच ते असते. आंबवलेल्या इडली-डोशावर विसंबू नका. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून मांस सोडल्यावर लगेच त्रास होत नाही आणि पुढे झाला की कारण लक्षात येत नाही. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, सततचा थकवा अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी मांस खात नाही, अमुक वर्षांपासून." गोळ्या आणि इंजेक्शने आहेत, पण त्यांच्या सल्ल्याने घ्या. अंडी चालत नसतील तर रोजचे दूध-दही हाच आधार. तेही परवडत नसेल तर बी-१२ च्या गोळीबद्दल विचारायलाच हवे. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. असे बाळ मलूल होते, मान उशिरा धरते. दिवस गेलेल्या आणि बाळंत झालेल्या बहिणींनी ही गोष्ट अजिबात लपवू नये.

मांस न खाणे म्हणजे आपोआप चांगले खाणे, असेही नाही. वडापाव, फरसाण, साबुदाणा, क्रीमची बिस्किटे हे सगळे शाकाहारीच आहे.

मांस खाणाऱ्या घरांसाठी

आठवड्यातून एकदा पाव किलो आणले तरी पिसे मोजून वाटा, आणि पहिला वाटा गरोदर बाईचा आणि वयात आलेल्या मुलीचा ठेवा. महिन्यातून एकदा भरपूर मटण करण्यापेक्षा आठवड्याला तीन-चार अंडी जास्त उपयोगी पडतात. सुकट, जवळा, बोंबील स्वस्तात प्रथिने देतात. मात्र त्यांत मीठ जास्त, म्हणून बीपीवाल्यांनी धुऊन आणि कमी खावेत. कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर असते, पण गरोदरपणी ती वारंवार खाऊ नये, कारण तिच्यातले जीवनसत्त्व अ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. रक्ती, वजरी, चान्या या आपल्या जुन्या पदार्थांची लाज बाळगू नका. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये त्यांची नीट नोंद केली आहे. आणि मांस खाणाऱ्या घरालाही डाळ, पालेभाजी आणि फळ रोज लागतेच.

खाणाऱ्या असोत वा न खाणाऱ्या, सगळ्यांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजावा. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लोहाच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी शाळा-अंगणवाडीतून मिळते. शौचाला काळे होते म्हणून घाबरून त्या टाकून देऊ नका.

रविवारच्या बैठकीसाठी

हा पाठ विहारात मोठ्याने वाचावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. आपल्या घरात शेवटी कोण जेवते आणि तिच्या ताटात काय उरते?
२. खाण्यावरून आपल्याला कुणी हिणवले आहे का? आपण कुणाला हिणवले आहे का?
३. आपल्या गल्लीत मांस-अंडी सोडून वर्ष-दोन वर्षे झालेल्या किती बहिणी आहेत? त्यांनी रक्त तपासले आहे का?
४. शाळेत मुलांना पोषण आहारात नेमके काय मिळते? व्यवस्थापन समितीत आपले कोण आहे?

बैठक संपल्यावर आशाताईंना बोलावून एकाच दिवशी सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. आकडा प्रत्येकीने आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात कुणी विचारले तर, खात असाल तर खाते म्हणा, नसाल तर नाही म्हणा. मान वर करून सांगा.

सर्वांचे मंगल होवो.