लघुचित्रांच्या प्रगतीची नोंद : प्रयोजन व पद्धती

चित्र पूर्ण झाल्यावर त्यास गुण देण्याची पद्धत शाळांतून रूढ आहे. परंतु ते चित्र कसकसे घडत गेले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. त्यामुळे ज्या मुलाची रेषा चांगली पण रंगकाम कच्चे, त्याची रेषा अखेरच्या डागाळलेल्या रंगाखाली झाकली जाते. आणि साह्य नेमके कोठे करावे, हे शिक्षकास उमगत नाही. या बाबतीत लघुचित्रकलेचा इतिहास उद्‌बोधक आहे.

मोगल चित्रशाळेतील नोंदी

अकबराच्या चित्रशाळेत एकच चित्र पुष्कळदा अनेकांच्या हातून पुरे होई. एकाने आखणी करावी, दुसऱ्याने रंग भरावेत, प्रसंगी तिसऱ्याने चेहरे रंगवावेत, असा क्रम असे. दारोगे व लेखनिक दर आठवड्यास सर्व चित्रकारांचे काम बादशहापुढे मांडीत आणि कामाच्या योग्यतेनुसार बक्षीस किंवा पगारवाढ मिळे, असे अबुल फझल याने ‘आईन-इ-अकबरी’त नमूद केले आहे. लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘अकबरनाम्या’ची ११६ चित्रे आहेत. त्यांच्या खालच्या समासात आखणी करणाऱ्याचे व रंग भरणाऱ्याचे नाव लाल शाईने लिहिलेले आढळते. या लहानशा ओळीमुळे प्रत्येकाच्या श्रमाचा वाटा चार शतकांनंतरही ओळखता येतो.

नोंद नसल्यास काय होते ?

पहाडी चित्रांवर चित्रकाराचे नाव सहसा नसते. म्हणून कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्या तपासून चित्रकारांच्या घराण्यांची वंशावळ जुळविली. गुलेरच्या घराण्यातील थोर चित्रकार नैनसुख याची १७६३ मधील नोंद त्या वह्यांत आहे. चित्रांनी न सांगितलेली माहिती अशा रीतीने तीर्थक्षेत्रातील वहीने पुरविली. परंतु सर्वांच्याच वाट्यास असा योग आला नाही. कित्येकांचे काम उरले, नाव मात्र गेले.

वर्गात करावयाचे काम

लघुचित्राचे काम टप्प्याटप्प्याने चालते. कागदाचे थर चिकटवून व घोटून पाया तयार करणे, आखणी, पांढऱ्या रंगाचा पातळ हात, मूळ रंग, घोटाई, बारकावे व शेवटी सोनेरी काम, असा हा साधारण क्रम होय. प्राथमिक शाळेत त्यांपैकी चार टप्पे पुरेत : आखणी, मूळ रंग, बारकावे, किनार. चित्राचा आकार पोस्टकार्डाएवढा असावा. विषय परिचयाचा घ्यावा. उदाहरणार्थ, पाणवठा, खळे किंवा बैलपोळा.

प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान राखून त्यावर पुढील रकाने आखावेत : दिनांक, टप्पा, मुलाने काय केले, अडचण कोणती आली, पुढे काय करावयाचे. चौथा व पाचवा रकाना मुलाने स्वतःच्या शब्दांत भरावा. ‘रंग पसरला, आधीचा हात वाळू द्यायला हवा होता’ एवढे एक वाक्य लिहिणारा विद्यार्थी चुकीचे कारण शोधावयास शिकलेला असतो.

शिक्षकांसाठी सूचना

१. नोंद त्याच दिवशी करावी. महिनाअखेर आठवून लिहिलेली नोंद निरुपयोगी होय.

२. ‘चांगले’, ‘साधारण’ असे मोघम शेरे टाळून ‘झाडाची पाने एकसारखी झाली; माणसांचे हात आखूड पडले’ असे लिहावे.

३. दोघातिघांनी मिळून चित्र केल्यास कोणी काय केले, हे चित्रामागे नावानिशी लिहावे.

४. अपुरे चित्र टाकून देऊ नये. आखणी कशी झाली, हे त्यावरूनच दिसते.

५. एका मुलाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहू नये. त्याच मुलाच्या मागील नोंदीशी पाहावी.

वर्षअखेर गुण देताना केवळ शेवटचे चित्र पुढे न ठेवता ही वही उघडावी. हळू काम करणारा, परंतु प्रत्येक टप्प्यावर सुधारत गेलेला विद्यार्थी तिच्यात स्पष्ट दिसून येईल व त्याच्यावर अन्याय होणार नाही.