कागदावर नाव कोणाचं?

जवाहरनगर, जि. भंडारा
९ नोव्हेंबर २०२५

चि. बाबूस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं दुकान माझ्या दारापासून पायी वीस मिनिटांवर, तरी पत्र लिहितो आहे. समोर आलो की माझा आवाज चढतो, तू मोबाईलमध्ये मान घालतोस आणि तुझी माय मध्ये पडते. मग बोलायचं ते राहूनच जातं.

परवा मंडईत चहाच्या ठेल्यावर एक दूधवाला भेटला. मोठ्या कौतुकानं म्हणाला, "तुमच्या भाच्यानं गाडीचा विमा स्वस्तात काढून दिला. बाराशेचं काम हजारात." पावती विचारली तर म्हणे मोबाईलवर काहीतरी आलं आहे. चष्मा लावून पाहिलं. कागद कंपनीचाच दिसत होता, पण विकणाऱ्याच्या रकान्यात नागपूरच्या भलत्याच माणसाचं नाव. तुझं कुठेच नाही. चहा तसाच ठेवून घरी आलो.

पैसे घेतले तू. अर्ज भरला तू. दूधवाल्यानं भरवसा ठेवला तोही तुझ्यावर. मग कागदावर नाव दुसऱ्याचं का?

मित्राचा कोड आहे, त्याच्या आयडीवरून निघतं, आपल्याला थोडं कमिशन सुटतं, असं तू सांगशील. सगळे करतात, हेही सांगशील. अरे, सेवा केंद्र चालवणारा माणूस तू. दुसऱ्याच्या अंगठ्यावर आधारचं काम कधी करशील का? मग विम्याला दुसऱ्याचं नाव कसं चालतं?

आज दुकानाच्या जोडीनं विमा विकायचा तर रीतसर वाट आहे, आणि ती अवघडही नाही. ज्याला पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन म्हणतात, त्याला दहावी पास असणं, पंधरा तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा, एवढंच लागतं. मग तो विकेल त्या पॉलिसीवर त्याचा आधार किंवा पॅन क्रमांक नोंदला जातो. तुझ्या सेवा केंद्राच्या पोर्टलवरूनही विमा विकता येतो, पण तिथेही आधी शिकून परीक्षा द्यावी लागते. गाड्यांच्या शोरूमवाल्यांनाही १ नोव्हेंबर २०१७ पासून स्वतःची वेगळी नेमणूक लागते. बँकेत विमा विकणारा साहेबसुद्धा परीक्षा देऊनच विकतो. तू बी. कॉम. झालेला पोरगा. पंधरा तास तुला जड झाले?

आणि ते दोनशे रुपये. आपल्या वाट्यातून सोडले, यात कुणाचं काय गेलं, असं तुला वाटत असेल. विमा कायद्याचं कलम ४१ वाच, पॉलिसीच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं. गिऱ्हाईक ओढायला कमिशनमधला वाटा परत देणं गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत. नेमणुकीशिवाय एजंटगिरी केली तर दहा हजारांपर्यंत. पण बाबू, दंडाची भीती मला नाही. दंड एकदा भरला की संपतो.

माझ्या मनात दुसरंच घोळतं आहे. समज, महामार्गावर त्या दूधवाल्याच्या गाडीखाली कुणी आलं. इथे नागपूर-रायपूरच्या ट्रकांमधून सायकलवाले कसे रस्ता ओलांडतात, तू रोज बघतोस. आणि समज, त्या नागपूरवाल्यानं पैसे उशिरा भरले होते. हप्ता पोचल्याशिवाय कंपनीची जबाबदारी सुरूच होत नाही. म्हणून तर एजंटनं घेतलेले पैसे चोवीस तासांच्या आत, कमिशन न कापता, जसेच्या तसे कंपनीकडे पाठवावेत, असं कायद्यातच लिहून ठेवलं आहे. भरपाईचा निकाल लागला की मग ती दूधवाल्याच्या शेतीतून वसूल होते. तो तुझ्या दारात येईल. तू त्याला काय दाखवशील? कागदावर तुझं नावच नाही.

गेल्या २४ जानेवारीचा शुक्रवार आठव. सकाळी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला आणि आठ जण गेले. त्या रात्री मी लोखंडी पेटी उघडून घरातले सगळे कागद पलंगावर मांडून बसलो होतो. तुझी मामी म्हणाली, आता निवृत्त झालात, कशाला बघता? मी तिला उत्तर दिलं नाही. उत्तर या पत्रात देतो आहे. तुझ्या मायलाही हे ठाऊक नाही.

दरवर्षी चुरणी झाली की साहुलीच्या एका घरी मी तांदळाचं पोतं पोचवतो. लहानपणी तू सायकलवर मागे पोतं धरून बसायचास. ते आपले कोण, असं तू विचारायचास आणि मी घंटी वाजवायचो.

१९८६ साली फॅक्टरीत असताना मी विम्याची एजन्सी घेतली होती. घेतली म्हणजे मामीच्या नावावर घेतली. सरकारी नोकराला एजन्सी चालत नाही. बायकोच्या नावावर असली आणि नवरा त्यासाठी चार लोकांना भेटला, तर तोही वर्तणूक नियमांतल्या पंधराव्या नियमाचा भंग. हे मला माहीत होतं. सगळे करतात, असं तेव्हा मीही म्हणालो होतो. मामीनं एकही अर्ज भरला नाही. जेवणाच्या सुटीत मीच फिरायचो आणि लोकांची सोय म्हणून हप्तेही हातात घ्यायचो. हप्ता घ्यायचा एजंटला तेव्हा अधिकारच नव्हता.

माझ्या शिफ्टचा एक सोबती होता. त्याच्या तिमाही हप्त्याची सवलतीची मुदत २८ जुलै १९८८ ला संपत होती. आठवडाभर आधी त्यानं पैसे माझ्या हातात दिले. पाऊस चांगला लागला होता, रोवणी सुरू होती आणि बायांची मजुरी द्यायची होती. मी ते पैसे मजुरीत दिले. पगार झाला की भरू, दोन-चार दिवसांनी काय होतं, असं मनात आलं. ३१ जुलैला संध्याकाळी धुऱ्यावर त्याला साप चावला. भंडाऱ्याला नेईपर्यंत तो गेला.

पॉलिसीला दोन वर्षंही झाली नव्हती. मुदत टळलेली, त्यामुळे हातात काहीच आलं नाही. तेराव्यानंतर वहिनी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी पैसे तुमच्याकडे दिले होते ना?" पावती नव्हती. कागदावर माझं नाव नव्हतं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मी म्हणालो, "बघतो."

बस, एवढंच म्हणालो. त्या पायरीवर जरा थांबल्या आणि गेल्या. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. पोतं घेतात, पाणी देतात, तुझी चौकशी करतात.

महिन्याभरात मामीच्या नावाची एजन्सी मी बंद केली. दुसऱ्याच्या नावाआड उभं राहिलं की सुरुवातीला फार सोपं वाटतं रे. कुणी बोट दाखवत नाही. मी त्याच आडोशाला सदतीस वर्षं उभा आहे.

फार लिहिलं. तुला चोर म्हणायचं नाही मला. पीकविमा एक रुपयात होता तेव्हा केंद्राला अर्जामागे चाळीस रुपये कंपनीकडून मिळायचे, तरी किती जागी शेतकऱ्यांकडून शंभर-शंभर घेतले गेले. तुझ्या दुकानात एक रुपयाच घेतला जायचा. धान लावणाऱ्या म्हाताऱ्यांना तू खुर्ची द्यायचास, सातबारा वाचून दाखवायचास. हे मला लोकांनीच सांगितलं. मी तुला कधी बोललो नाही, ही माझी चूक. म्हणूनच त्या दूधवाल्याच्या मोबाईलवर तुझं नाव शोधत होतो.

आता एवढं कर. तू आजवर काढलेल्या सगळ्या पॉलिसींची वही घे, प्रत्येकाचा हप्ता कंपनीत पोचला का ते त्या कंपन्यांच्या ग्राहक क्रमांकावर विचारून घे. कुठे कमी पडलं तर मला सांग, निवृत्तीचे थोडे पैसे आहेत. नागपूरवाल्याचा आयडी आजच बंद कर. तोवर कुणी विमा विचारला तर बँकेतला वीस रुपयांचा अपघात विमा सांग, दोन लाखांचं संरक्षण आहे. फॉर्म तू भरून दे आणि त्याचे पैसे घेऊ नकोस.

आणि परीक्षेला बस. पंधरा तास दुकान बंद राहील याची काळजी करू नकोस, मी येऊन बसेन. झेरॉक्स मला येतं. बाकीच्यांना दुपारनंतर या म्हणून सांगेन. डबा मामी देईल. तुझ्यासाठी अनारसे वेगळे काढून ठेवलेत तिनं, तू दिवाळीला धड जेवला नाहीस म्हणून अजून बोलते आहे.

पुढच्या रविवारपर्यंत चुरणी होईल. पोतं साहुलीला न्यायचं आहे. या वेळी वहिनींना सांगावं म्हणतो, ते पैसे माझ्याकडेच होते म्हणून. एकट्याला जमेल असं वाटत नाही, आणि सायकलवर पोतंही आता झेपत नाही. तू येशील का रे माझ्याबरोबर?

तुझा
मामा