थायरॉइडची गोळी आणि तिच्या जोडीची औषधे

गळ्याच्या पुढील भागी श्वासनलिकेवर फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तीच थायरॉइड ग्रंथी होय. तिचा स्राव कमी पडू लागला म्हणजे शरीराचे सारे व्यवहार मंदावतात. थकवा येतो, थंडी सोसत नाही, मलावरोध होतो, कातडी कोरडी पडते, केस गळतात व वजन वाढते. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे ह्यांनी अशा एका बाईंवर मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून उपचार केला. अर्क चालू ठेवल्याने त्या पुढे २८ वर्षे जगल्या. ग्रंथीतील मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल ह्यांनी वेगळे केले. आज तेच द्रव्य कृत्रिम रीतीने बनवून गोळीच्या रूपाने मिळते. ही गोळी शरीरातील उणीव भरून काढते. म्हणून बरे वाटू लागले तरी ती आपल्या मनाने सोडू नये.

ह्या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, ही गोळी एकान्तप्रिय आहे. ज्या घरी मधुमेह, रक्तदाब, पंडुरोग व हाडांचा ठिसूळपणा ह्यांची औषधे एकाच डब्यात नांदतात, तेथे सकाळी चहाबरोबर सर्व गोळ्या एकदम घेण्याची सवय असते. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील काही औषधे ह्या गोळीस आतड्यातच अडवून धरतात व ती रक्तात पुरेशी उतरत नाही. मग तपासणीत टी.एस.एच.चा आकडा चढलेला दिसतो व डॉक्टर मात्रा वाढवितात. पुढे काही महिन्यांनी लोहाची गोळी बंद झाली की तीच वाढविलेली मात्रा पूर्ण अंगी लागते आणि छातीत धडधड, हातांस कंप, निद्रानाश सुरू होतो. वृद्धांच्या हृदयास व हाडांस हे अपायकारक आहे. दोष ना रोग्याचा ना डॉक्टरांचा. फक्त वेळेची गल्लत झालेली असते.

म्हणून पुढील क्रम ध्यानी ठेवावा. पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध वा न्याहारी घेऊ नये. लोह, कॅल्शियम व आम्लपित्ताची पातळ औषधे किमान ४ तासांनी घ्यावीत. लोह दुपारी व कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असे केल्यास सोयीचे पडते. इतर गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्याव्यात. एकादशी-चतुर्थीच्या उपवासासही ही गोळी चुकवू नये.

अन्य व्याधी असल्यास अधिक सावधगिरी हवी. हृदयविकार असलेल्यांस डॉक्टर अगदी अल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवितात. तेव्हा घाई करून आपण मात्रा वाढवू नये. मधुमेह्यांत ही गोळी सुरू झाल्यावर इन्सुलिनची गरज वाढू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम वाढतो, म्हणून त्याची तपासणी लवकर करावी लागते. उलट फिटांवरील फेनिटॉइन किंवा क्षयावरील रिफॅम्पिसिन सुरू झाल्यास थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागू शकते. मानसिक विकारांवरील लिथियम व हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडॅरोन ही औषधे स्वतःच ग्रंथी मंद करू शकतात. गर्भ राहिल्याचे कळताच मात्रेबद्दल डॉक्टरांस विचारावे, कारण आरंभीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

मात्रा बदलल्यावर लगेच तपासणी करण्यात अर्थ नाही. औषध शरीरात सावकाश स्थिरावते. ६ ते ८ आठवड्यांनी रक्त तपासावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी किमान २ दिवस त्या थांबवाव्यात, नाहीतर आकडा चुकीचा येऊ शकतो. आयोडीनयुक्त मीठ नित्याच्या जेवणात असावेच. परंतु ज्यांची ग्रंथी शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने थकली आहे, त्यांना मिठाने गुण येत नाही.

घरोघरी एका कागदावर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व घेण्याची वेळ लिहून ठेवावी, आणि हृदयाचे, हाडांचे वा दातांचे असोत, कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा. नवे औषध सुरू झाले, जुने बंद झाले, तर त्याच दिवशी त्यात दुरुस्ती करावी. वडीलधाऱ्या मंडळींस बारीक अक्षर दिसत नसल्यास हे काम घरातील तरुणांनी मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.